क्षेत्रावर लक्ष आहे

४ नोव्हेंबर, सोमवार

ती. दादास,

भिंगरीचा साष्टांग नमस्कार खुर्चीतूनच करते आहे, कारण उठले तर खुर्ची जाईल. आमच्या हवामान कचेरीत माणसं सात आणि धड खुर्च्या पाच.

फोनवर बोललं की आपलं भांडण होतं, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम मी वर्षभर पाळते आहे. तेव्हा माझ्या पत्रात नुसती हवाच असते अशी तक्रार करू नकोस. हवेच्या खात्यातली बाई दुसरं काय लिहिणार?

तर हवा अशी आहे. तुझ्या बंदरापासून आठशेएक किलोमीटर आत, समुद्रावर, ढगांचा एक पुंजका शनिवारपासून ठाण मांडून बसलाय. खाली पाणी गरम, वर हवा दमट. म्हणजे वादळाला लागणारं सगळं सामान घरात आहे, फक्त चूल पेटलेली नाही. मधोमध वारा गोल फिरायला लागला की ती पेटली असं आम्ही धरतो. तो अजून फिरत नाही. सुट्टीच्या दिवशी आपला टिल्लू पडतो तसा नुसता आडवातिडवा पडलाय. याला आम्ही वादळ म्हणत नाही. कागदावर ते 'क्षेत्र' आहे. उपग्रहाची चित्रं येतात, मी त्यांवर पेन्सिलीनं रेघा मारते, आणि शेवटी बुलेटिनमध्ये एक ओळ जाते, की पुढच्या पाच दिवसांत वादळ होण्याची शक्यता कमी, दहा टक्के. क्षेत्रावर लक्ष आहे.

हे आधीच कळवते, कारण बुलेटिन तुझ्या टेबलावर येईल आणि तू दचकशील. दचकू नकोस. गेल्या वर्षीसारखं मी काही सांगत नाहीये. कानाला खडा लावलाय.

वहिनीची कंबर कशी आहे? टिल्लूची बायको, आपली धाकटी, हिनं ताडपत्रीची पिशवी शिवून पाठवली, तिच्यात मी भाजी, छत्री आणि नकाशे एकदम घालते आणि ती हूं की चूं करत नाही. टिल्लूला सांग, सहा फूट उंच माणसानं बहिणीला वर्षातून एक पत्र लिहिलं तर उंची कमी होत नाही.

आहे तेवढी माया पुरे, फक्त त्यातली काढून घेऊ नकोस.

तुझी
भिंगरी


६ नोव्हेंबर, बुधवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. गेल्या वर्षीचे वजा करून उरतील तेवढे सगळे तुझेच.

पत्र आणि बुलेटिन एकाच टपालात आलं. बुलेटिन फाईलला लावलं, पत्र कपाटात ठेवलं.

कानाला खडा लावलास ते बरं केलंस. माझ्या कानाला तर लोकांनीच लावलाय. गेल्या वर्षी तू फोन केला होतास, की वादळ येतंच आहे, कचेरीचा कागद निघायला उद्या उजाडेल, तू थांबू नकोस. मी थांबलो नाही. हुकमाशिवाय धोक्याचा बावटा चढवला. शंभरावर बोटी चार दिवस धक्क्याला बांधून, ऐन मासळीच्या दिवसांत, आणि डोक्यावर निळं आकाश, ढगाचा ठिपका नाही. पाचव्या दिवशी सकाळी कचेरीत आलो तर बावट्याच्या काठीवर कोणीतरी परकर चढवला होता. तो मी सगळ्यांदेखत उतरवला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. वरून मेमो मिळाला तो वेगळाच. अजून मी बाजारातून चाललो की कोणीतरी भर उन्हात छत्री उघडतं. म्हणून पुन्हा एकदा बजावतो: तुझ्या मनातली हवा मला कळवू नकोस. बुलेटिनमध्ये असेल तेवढीच हवा मला कळते.

घरी सगळे ठीक. तुझ्या वहिनीची कंबर माझ्यापेक्षा जास्त कुरकुरते. टिल्लूनं नव्या बोटीत इंजिन बसवलंय. बोटमालकाला ते मंगळवारी, बारा तारखेला, समुद्रात आठ तास चालवून बघायचंय, आणि बसवणारा माणूस बरोबर आलाच पाहिजे असा त्याचा हट्ट. टिल्लूचं तोंड आत्तापासून उतरलंय. अठरा वर्षं बोटींची इंजिनं बसवतोय, पण धक्का सोडून अर्धा तास झाला की त्याला बोट लागते. धाकटी त्याला लिंबू हुंगायचा सराव देतेय.

बाहेर जायच्या पासावर सही माझी आहे. तेव्हा ते तुझं क्षेत्र मंगळवारी काय करणार ते कळव. हो किंवा नाही, एका शब्दात.

राग धरू नये, धरलाच तर पत्रातून कळवावा.

दादा


९ नोव्हेंबर, शनिवार

ती. दादास,

सा. न. विनंती अशी की तुझं पत्र तूच एकदा वाचून बघ. बुलेटिनबाहेरचं काही नको म्हणतोस, आणि हो की नाही ते एका शब्दात सांग म्हणतोस. दोन्ही एकदम कसं व्हायचं? बुलेटिनमध्ये 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं. आकडा असतो.

तो आज सकाळी वीस झाला. वीस टक्के म्हणजे असे पाच पुंजके असले तर त्यातला एक वादळ होतो, चार विरून जातात. खात्याच्या भाषेत याला 'कमी'च म्हणतात. क्षेत्र किनाऱ्याकडे थोडं सरकलंय, पण मधोमध वारा अजून फिरत नाही, वरच्या थरातला वारा त्याला वाढू देत नाही. मंगळवारपर्यंत त्याचं वादळ होईल असं मला दिसत नाही. बुलेटिनमध्येही तेच आहे.

याहून जास्त लिहायला तुझी बंदी आहे, आणि आमच्या साहेबांचीही. दोघांचं ऐकते. एवढी आज्ञाधारक मी शाळेतही नव्हते.

हे पत्र दुसऱ्यांदा लिहिते आहे, पहिल्यावर चहा सांडला. म्हणून अक्षर घाईचं.

टिल्लूला म्हणावं खाली इंजिनापाशी बसू नकोस, वर हवेवर बस आणि लांब क्षितिजाकडे बघ, म्हणजे पोट ढवळत नाही. तो ऐकणार नाही, त्याला इंजिन एकटं सोडवत नाही, पण सांग.

लोभ आहेच, तो तपासून बघायची वेळ आणू नये.

भिंगरी


११ नोव्हेंबर, सोमवार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. घाईत आहे, चारच ओळी.

पत्र मिळालं. वीस टक्के. आपल्या शाळेत वीस टक्के मिळाले की पालकांना बोलावणं यायचं. नापास झालेल्या वादळाला मी घाबरत नाही. पासावर सही केली.

टिल्लूला तुझं पत्र दाखवलं नाही, उगाच डोकं खात बसेल. आधीच दोनदा कचेरीत येऊन विचारून गेला, की दादा, हवा बरी आहे ना. मी म्हटलं, बहीण हवामान कचेरीत बसलीय, भाऊ बंदर कचेरीत बसलाय, तुला कसली काळजी? तो हसला आणि गेला.

बाकी पुढच्या पत्री.

दादा


१२ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचे तीन

ती. दादास,

सा. न. आमचं क्षेत्र संपलं. दुपारच्या चित्रात ढगांचे तुकडे तुकडे झालेले आहेत, मधे बोट घालावं एवढी भोकं. आकडा शून्यावर आणला. साहेब म्हणाले की बघा, उगाच आरडाओरडा केला असता. सगळ्यांना चहा पाजला, स्वतःहून, म्हणजे बघ.

अकराच्या चित्रात कडेच्या ढगांची एक रांग तुमच्या किनाऱ्याकडे सरकताना दिसली होती. ती एकपर्यंत विरलीसुद्धा. तुमच्याकडे एखादी सर पडून गेली असेल. वहिनीचे वाळत घातलेले कपडे भिजले का?

टिल्लू संध्याकाळी परत येईल तेव्हा त्याचा चेहरा काकडीसारखा झालेला असेल. त्याला माझ्यातर्फे लिंबाचं सरबत द्या, आणि काय काय झालं ते त्यानं स्वतः लिहून पाठवलंच पाहिजे. मी वाट बघते आहे.

भिंगरी


२१ नोव्हेंबर, गुरुवार

चि. भिंगरीस,

वहिनीचे आशीर्वाद. तुझे दादा पेन हातात धरत नाहीत, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर लावून वाच.

तुझं बारा तारखेचं पत्र आलं ते टिल्लूभाऊजींना स्मशानात पोचवून आल्यावर, चौदा तारखेला. तू आतल्या खोलीत होतीस. मी ते कोणाला दाखवलं नाही. कपडे भिजले होते, एवढं सांगते.

तू सोमवारी गेलीस आणि मंगळवारी इस्पितळातल्या खलाशाला बोलता यायला लागलं. मी आणि धाकटी त्याला भेटून आलो. त्यानं सांगितलं ते तुला कळायला हवं.

सकाळी नऊला तिघं निघाले. बोट हाकणारा सारंग, हा खलाशी आणि टिल्लूभाऊजी. दोन तास सगळं सुरळीत. इंजिन एकदाही अडखळलं नाही. भाऊजींना बोट लागली होती, दोनदा उलटी झाली, तरी खाली बसून दर दहा मिनिटांनी इंजिनाचं तापमान वहीत लिहीत होते. अकराच्या सुमाराला आतून, समुद्राकडून, ढगांची काळी रेघ येताना दिसली. सारंगानं बोट वळवली, पण ती रेघ बोटीपेक्षा जोरात आली. पहिल्या झोतात बोट कलली, दुसऱ्यात पाणी आत आलं आणि मग इंजिन बंद पडलं. आधी पाणी, मग इंजिन, हे त्यानं आम्हाला दोनदा सांगितलं. सारंग ओरडला की वर या. भाऊजींनी खालून उत्तर दिलं, की दोन मिनिटं द्या, चालू करतो. तेवढ्यात बोट पालथी झाली. हे दोघं बाहेर फेकले गेले आणि बोटीच्या बुडाला धरून राहिले. पंधरा-वीस मिनिटांत वारा पडला आणि ऊन आलं. लख्ख ऊन आलं, भिंगरी. त्या उन्हात ते दोघं बोटीच्या बुडावर मुठी आपटत होते. आतून थोडा वेळ उत्तर येत होतं.

हे शेवटचं वाक्य खलाशी बोलला तेव्हा धाकटी माझ्या शेजारी उभी होती.

आता बोटमालक सांगत फिरतोय की दिवस स्वच्छ होता, हवामान खात्यानंच वादळ नाही म्हटलं होतं, तेव्हा दोष इंजिन बसवणाऱ्याचा. सारंग त्याच्याच पगारावर, तो मान डोलावतो. खलाशाच्या डोक्याला मार लागलाय, त्याचं कोण धरणार?

तू इथे होतीस तेव्हा तीनदा म्हणालीस की बुलेटिन चुकलं नव्हतं. नसेल चुकलं. पण समोर धाकटी बसली होती. तू निघालीस तेव्हा ती दारापर्यंत आली नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते. नाही लिहीत. वाटलं तर वाटू दे.

तिनं शिवणाच्या मशीनवरचं कापड अजून काढलेलं नाही.

जेवत जा.

वहिनी


३ डिसेंबर, मंगळवार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद नेहमी घरातल्या सगळ्यांच्या वतीनं लिहायचो. आज फक्त माझ्या वतीनं.

चौकशी सुरू झालीय. तिचा एक छापील कागद असतो, त्यात अपघाताच्या कारणाचे तीन रकाने. हवामान, यंत्रातील दोष, चालकाची चूक. तिन्हींपैकी एकावर खूण करायची. आमच्या बंदरावरचं वारा मोजायचं यंत्र जूनपासून बंद आहे, मी तीनदा वर लिहिलं होतं. म्हणून तुमच्या खात्याकडे विचारणा गेली. उत्तर आलं: बारा तारखेला या भागात कोणतंही वादळ नव्हतं. खाली तुझ्या साहेबांची सही, आणि डाव्या कोपऱ्यात, कागद तयार करणाऱ्याची, बारीक आद्याक्षरं. ती मी ओळखली. पाटीवर तुझ्याकडून मीच गिरवून घेतली होती.

आता खूण 'यंत्रातील दोष' यावर होणार. म्हणजे टिल्लू गेला आणि वर कागदावर त्याच्यामुळेच बोट बुडाली असं कायमचं राहणार. त्यानं आयुष्यात कामाव्यतिरिक्त काही केलं नाही, भिंगरी. रविवारीसुद्धा हात काळेच असायचे.

मी माझं सांगतो. मी तुला 'नापास झालेलं वादळ' म्हणून लिहिलं होतं, ती ओळ मला सकाळी दाढी करताना आठवते, जेवताना आठवते. आणि दुसरी गोष्ट घरात मी अजून कोणाला सांगितलेली नाही. टिल्लूनं मला दोनदा विचारलं, आणि मी त्याला तुझा आकडा सांगितला नाही. मस्करी केली. मला भीती वाटली की तो घाबरून नाही म्हणेल, मालक तक्रार करेल, आणि लोक म्हणतील की बंदरवाल्यानं बहिणीचं ऐकून पुन्हा बोट अडवली. त्या परकरानं मला एवढं भित्रं केलं होतं.

वादळ नव्हतं हे खरं असेल. मग जे आलं ते काय होतं? तुला माहीत असेल तर लिहून दे. पत्रात नको, कागदावर, सहीनिशी.

दादा


९ डिसेंबर, सोमवार

ती. दादास,

नमस्कार करायला हात उचलत नाही, पण करते.

कागद सोबत आहे. सहीनिशी आहे. साहेबांना आधी दाखवला. ते म्हणाले की हा खात्याचा कागद नाही, आणि तो बाहेर गेला तर माझी जागा राहणार नाही. मी तो तरीही पाठवते आहे. शुक्रवारपासून मला नकाशांच्या टेबलावरून उठवून तळघरात जुन्या नोंदी लावायला बसवलंय. तिथे खिडकी नाही. ते असो.

कागदात आहे ते इथे साध्या भाषेत सांगते, म्हणजे तुला कोणाकडून वाचून घ्यायला नको.

वादळ नव्हतं. झालंच नाही. आमच्या हिशेबात आमचा अंदाज बरोबर आला. पण वादळ न झालेल्या क्षेत्राच्या कडेलाही ढगांच्या रांगा सुटतात, आणि अशी एखादी रांग आली की दहा मिनिटांत वारा चौपट होतो, दिशा बदलतो आणि अर्ध्या तासात थांबतो. मोठ्या जहाजाला ती नुसती हलवते. लहान बोटीला ती वादळच असते. आठ तारखेला एका मालवाहू जहाजाकडून अगदी अशीच बातमी आली होती. म्हणून नऊ तारखेच्या बुलेटिनच्या मसुद्यात मी एक ओळ जास्त लिहिली: वादळाची शक्यता कमी असली तरी क्षेत्राच्या कडेला अचानक जोरदार झोत येऊ शकतात, लहान बोटींनी किनारा सोडून लांब जाऊ नये.

ती ओळ साहेबांनी खोडली असं मी तुला सांगू शकले असते, आणि कागदातही तसं लिहू शकले असते. त्यांनी खोडली नाही. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, ओळ वाचली, आणि म्हणाले की गेल्या वर्षीची हौस फिटली नाही वाटतं. मग आपलं पेन माझ्यापुढे ठेवून निघून गेले. खोडली मी. मसुदा अजून फाईलमध्ये आहे, त्याची प्रत जोडली आहे, खोडल्याची रेघही माझीच दिसेल. मी नेहमी दोन रेघा मारते.

आणि नऊ तारखेच्या पत्रावर चहा सांडला नव्हता. पहिल्या पत्रात ती ओळ होती. टिल्लूला पाठवू नकोस असंही होतं, स्पष्ट, एका शब्दात, तुला हवं होतं तसं. मग मला तू दिसलास, टेबलाच्या खणात परकराची घडी ठेवणारा. मी ते फाडलं आणि दुसरं लिहिलं.

बारा तारखेला अकराचं चित्र माझ्यापुढे आलं तेव्हा साडेअकरा झाले होते. ती रांग बघून मी फोनवर हात ठेवला. तुझ्या कचेरीचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं हे आता कळतंय. तेव्हा कळत नव्हतं, म्हणून त्याचा आधार मला घेता येत नाही. दुपारी तुला ते पत्र लिहिलं ना, कपडे भिजले का म्हणून, ते मी टिल्लू सुखरूप आहे असं स्वतःला पटवण्यासाठी लिहिलं होतं.

घरात मी तीनदा म्हणाले की बुलेटिन चुकलं नव्हतं. चौथ्यांदा म्हणणार नाही.

कागद चौकशीत दे. माझं काय व्हायचं ते होवो.

भिंगरी


१२ डिसेंबर, गुरुवार

चि. भिंगरीस,

कागद मिळाला. तीनदा वाचला. मग कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मला तो देता येत नाही. दिला तर टिल्लूवरचा डाग जाईल, पण तू नोकरीवरून जाशील, शिवाय तुझ्यावर खटलाही होऊ शकतो असं आमच्या कारकुनानं सांगितलं. एक भाऊ गेला, आता बहिणीला मी माझ्या हातानं ढकलू? आणि खरं सांगायचं तर, त्या कागदामागोमाग आपली पत्रंही मागतील. मग मी सही करताना काय वाचून केली तेही निघेल. मी तुला वाचवतोय की स्वतःला, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल.

जे गेलं ते कागदानं परत येत नाही. तू तळघरातच राहा काही दिवस, साहेबांशी वाकड्यात शिरू नकोस. धाकटीला मी सांभाळीन.

आता पत्रं थोडे दिवस थांबवू.

दादा


२० डिसेंबर, शुक्रवार

ती. ताईंना,

नमस्कार.

मी तुम्हाला याआधी कधी पत्र लिहिलं नाही. घरातली पत्रं मोठे भाऊजी लिहायचे आणि शेवटी आमचे नमस्कार घालायचे, तेवढंच.

यांचं इंजिनाच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र चौकशीत दाखवायचं होतं. ते मोठ्या भाऊजींच्या कपाटात होतं. मोठ्या जाऊबाईंनी किल्ली माझ्या हातात आणून दिली. मी कपाटाची गोष्टही काढली नव्हती. म्हणाल्या की प्रमाणपत्र वरच्या कप्प्यात आहे, पण खालचाही बघ. मग त्या भाजी आणायला गेल्या आणि दोन तास आल्या नाहीत.

मी तुमची सगळी पत्रं वाचली. मोठ्या भाऊजींची तुमच्याकडे आहेत, पण त्यांनी काय लिहिलं असेल ते तुमच्या उत्तरांवरून समजतं. शेवटच्या दोन पत्रांच्या तर कच्च्या प्रतीही त्यांनी ठेवल्यात. कागदही वाचला.

तो कागद मी सोमवारी चौकशीत दिला. माझ्या हातानं, पोच घेऊन. बरोबर पत्रंही दिली. मोठ्या भाऊजींना संध्याकाळी सांगितलं. ते उठून बाहेर गेले. जाऊबाईंनी मला वाढलं आणि स्वतः माझ्याबरोबर जेवल्या.

सहा जानेवारीला तुम्हाला बोलावणं येईल. या. कागदात लिहिलंय तेच तोंडानं सांगा, जास्त नको, कमीही नको. माझ्यासाठी रडू नका तिथे. खलाशीही येणार आहे, त्याची पट्टी निघाली.

तुम्हाला वाटेल मी रागानं केलं. राग आहे, पण त्यासाठी नाही केलं. 'यंत्रातील दोष' यावर खूण झालेली मला बघवली नसती. त्या इंजिनाचा एकेक नट त्यांनी घरी आणून पुसला होता, माझ्या शिवणाच्या टेबलावर, माझं काम अडवून. त्यावरून आमचं भांडण झालं होतं.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची होती, आता विचारत नाही, सांगते. तुम्ही मोठ्या भाऊजींची अब्रू सांभाळलीत, त्यांनी लोकांच्या तोंडाची भीती सांभाळली, आणि दोघं एकमेकांना पत्रं लिहीत बसलात. बोटीवर जायचं होतं त्यांना. त्यांनी दोनदा विचारलं होतं. आकडा कळला असता तर ते थांबले असते असं मी म्हणत नाही. बहुतेक गेलेच असते, मालकाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. पण ते घरी येऊन मला सांगितल्याशिवाय राहिले नसते, आणि मी दारात आडवी पडले असते. मी भांडायला किती वाईट आहे ते त्यांना माहीत होतं. ते भांडण माझं होतं, ताई. ते तुम्ही दोघांनी मला करू दिलं नाहीत.

त्या सकाळी मी त्यांच्या खिशात लिंबू घातलं आणि हसले.

सहा तारखेला उतरायची सोय तुमची तुम्ही करा. मोठ्या भाऊजींकडे उतरलात तर माझी हरकत नाही, पण माझ्या खोलीत येऊ नका. पत्राच्या शेवटी लोभ मागतात. मी मागत नाही, आणि तुम्हीही मागू नका.

टिल्लूची बायको